सर्व्हिस लिफ्टमधली आई

आदरणीय ताई,

माझं वय ५१. जन्म परळच्या चाळीतला. दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि पुढे सगळ्यांची मिळून गॅलरी. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. ८२ चा संप झाला तेव्हा मी दुसरीत होते. बाबांची नोकरी गेली ती गेलीच. आईनं दादरला हिंदू कॉलनीत तीन घरची धुणीभांडी धरली. त्यातल्या एका बाईंनी तिला सांगितलं, पुढच्या जिन्यानं येऊ नकोस, मागच्या लोखंडी जिन्यानं ये. आईनं दुसऱ्या दिवशी ते काम सोडलं. घरात पीठ नव्हतं तेव्हा. ही गोष्ट आमच्याकडे देवाच्या कहाणीसारखी सांगतात. बाबा ९१ साली गेले.

पुढे चाळ पाडली. साडेसहा वर्षं ट्रान्झिट कॅम्पात काढली आणि चार वर्षांपूर्वी त्याच जागेवर, अठराव्या मजल्यावर घर मिळालं. आमची रिहॅबची, म्हणजे पुनर्वसनाची इमारत. पलीकडे विक्रीच्या घरांचा टॉवर, त्याचं गेट वेगळं. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे. मार्चमध्ये ठराव आला की मेड, ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरायची. सकाळी गर्दी होते, शिवाय पलीकडच्या टॉवरमध्ये हा नियम पहिल्यापासून आहे, मग आपण का मागे राहायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. नऊ जणांत आठ हात वर गेले. त्यात माझा होता. चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त पोस्टमन काका तेवढे 'मला पटत नाही' म्हणाले.

घरी येऊन मी जेवताना हे सांगितलं. आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती सर्व्हिस लिफ्टनंच जाते-येते. वय ७७. विचारलं तर म्हणाली, 'भाजीची पिशवी असते ना गं, तीच बरी पडते.' परवा मी ऑफिसातून लवकर आले. सर्व्हिस लिफ्टचं दार उघडलं आणि आतून आई आणि आमची मेड बाहेर आल्या. दोघी कशावर तरी हसत होत्या. मला बघून गप्प झाल्या.

ताई, त्या रात्रीपासून मला झोप नाही. लोखंडी जिन्याची गोष्ट ऐकत वाढलेली मी. माझे संस्कार गेले कुठे? जागा बदलली म्हणून माणूस इतका बदलतो? आणि आता मी काय करू?

— लिफ्टच्या दारात उभी, मुंबई १२

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं ते तुमच्या आईंसाठी. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली, तेव्हा एक गोष्ट दिसली. चाळीतल्या सात शेजाऱ्यांची तुम्ही नावानिशी आठवण काढली आहे. कोण कुठल्या खात्यात होतं, कोणाची मुलगी कुठे दिली, सगळं. (दुसऱ्यांच्या घरातला मजकूर म्हणून तो भाग इथे छापलेला नाही.) तुमच्या घरात रोज येऊन काम करणाऱ्या बाईंचं नाव मात्र चार पानांत एकदाही नाही. त्या 'मेड' आहेत.

हा शब्द तुम्ही चाळीतून आणलेला नाही. तो तुम्हाला गेटवरच्या ॲपमध्ये भेटला असणार. दूधवाला, पेपरवाला, गाडी धुणारा आणि मेड अशी यादी असते तिथे. बाई गेटातून आत शिरली की तुमचा मोबाईल वाजतो, महिन्याच्या शेवटी किती दिवस आली ते आपोआप मोजून मिळतं. कोणी तुम्हाला बसवून शिकवलं नाही की आजपासून मावशींना मेड म्हणायचं. चार वर्षं रोज तो शब्द बोटाखाली आला आणि एक दिवस तोंडात बसला. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे, म्हणून त्यापासून सुरुवात केली.

'माझे संस्कार गेले कुठे' असं तुम्ही विचारता, तेव्हा संस्कार म्हणजे लहानपणी अंगावर घातलेला आणि जन्मभर पुरणारा दागिना आहे, असं तुमच्या मनात असतं. आपल्या सगळ्यांच्याच मनात असतं. मला आता, इतकी पत्रं वाचल्यावर, तसं वाटत नाही. चाळीतलं तुमचं चांगुलपण पुष्कळसं चाळीनं पेललेलं होतं. खोलीत उजेड नाही, वारा नाही, म्हणून दार दिवसभर उघडं. नळाला जायचं तर गॅलरीतून, संडासाला जायचं तर गॅलरीतून, खाली उतरायचं तरी गॅलरीतूनच. म्हणजे दिवसातून दहा वेळा प्रत्येकाच्या दारावरून जाणं. सकाळी सहाला नळावर कोणाला तोडून बोललात, तर साडेसहाला त्याच बाईच्या मागे रांगेत उभं राहायचं आहे. अशा ठिकाणी कोणाला तुच्छ लेखणं फार महाग पडतं. मग माणूस विरजण देतो, दुसऱ्याच्या पोराला जेवू घालतो, कोणाकडे पाहुणे आले तर आपली माणसं शेजारच्या खोलीत झोपायला पाठवतो. त्याला आपण माणुसकी म्हणतो आणि ती होतीच. पण ती त्या बांधकामात ओतलेली होती.

आता तुमच्या आईंची ती गोष्ट पुन्हा बघा. रागावू नका. त्यांच्या हिमतीतलं मी काही कमी करत नाही. मला फक्त एक विचारायचं आहे. काम सोडून त्या घरी आल्या आणि पीठ नव्हतं, तर त्या रात्री तुम्ही काय खाल्लंत? पीठ कोणी दिलं? हे तुमच्या कहाणीत नाही. आईंना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. गॅलरीतल्या जवळजवळ प्रत्येक दारामागे पगार थांबलेला होता, आणि 'वाकायचं नाही' हा तेव्हा घरोघरीचा शब्द होता. खानावळवाल्या बायका उधारीवर डबे घालत होत्या, कारण जेवणारा माणूस उद्या जिन्यात भेटणारच होता. (याच खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. बँक दारात उभी करत नव्हती अशा या बायका.) तुमच्या आईंचा कणा त्यांचा स्वतःचा होता. पण त्या कण्यामागे एक अख्खी गॅलरी उभी होती, आणि लोखंडी जिन्याचा अपमान संध्याकाळी नळावर सांगता येईल, ऐकणाऱ्या चार जणी त्या बाईला शिव्या घालतील, हे त्यांना ठाऊक होतं. अठराव्या मजल्यावर हा नळ कुठे आहे?

अमेरिकेत केंब्रिज गावी, एमआयटी या संस्थेच्या आवारात, दुसऱ्या महायुद्धानंतर लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी घरं बांधली होती. घर रिकामं होईल तसं पुढच्याला मिळायचं, शेजार निवडायची सोय नव्हती. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या तिघांनी तिथे कोणाची कोणाशी मैत्री होते ते मोजलं आणि १९५० साली छापलं. लगतच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के एकमेकांचे जवळचे मित्र होते, एक दार सोडून २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्के. अंतर किती, तर दोन दारांमध्ये साधारण १९ फूट! खालच्या मजल्यावर जिन्याजवळ ज्यांचं दार, त्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी. इथपर्यंत कोणीही म्हणेल, त्यात काय विशेष. विशेष पुढे आहे. तिथे भाडेकरूंची एक संघटना निघाली होती. तिच्याविषयी कोणाला काय वाटतं हे विचारलं, तर मतंसुद्धा अंगणाप्रमाणे पडलेली. एका अंगणाभोवतीची घरं बाजूनं, दुसऱ्या अंगणाभोवतीची विरुद्ध, आणि अंगणाशी न जुळणारा माणूस मैत्रीतूनही बाजूला पडलेला. त्यातल्या प्रत्येकाला आपलं मत आपणच विचार करून बनवलं, असंच वाटत असणार. 'आपण का मागे राहायचं' हे तुमच्या कमिटीतलं वाक्य मला तिथून आल्यासारखं वाटतं.

माझंही सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटायला नको. मी अधिकारी झाले तेव्हा मला एक केबिन मिळाली आणि टेबलावर घंटी. बाहेर स्टुलावर शिपाईदादा, वयानं माझ्या वडिलांएवढे. पहिला आठवडा मला घंटी वाजवायची लाज वाटली. माठ चार पावलांवर होता. सहा महिन्यांत मी पाण्यासाठी घंटी वाजवू लागले. वर्षानं फाईल कपाटातून काढायला. आणि एकदा दादा वेळेवर आले नाहीत तर मी चिडले. खरंखुरं, मनापासून चिडले. नंतर बदली झाली ती एका गावच्या छोट्या कचेरीत, तिथे घंटीही नव्हती आणि स्टूलही. आठवड्याभरात मी मुकाट्यानं उठून माठातलं पाणी घेत होते, दुसऱ्यालाही देत होते. मी त्या आठवड्यात थोर झाले नव्हते. टेबलावर घंटी नव्हती, इतकंच.

तुमच्या टॉवरनं तुमचं काय केलं तेही असंच सांगता येईल. घराचं दार बंद, त्याच्यापुढे सेफ्टी डोअर. माणूस दिसतो तो आधी मोबाईलवर फोटो म्हणून, आणि त्याला आत सोडायचं की नाही ते तुमच्या अंगठ्यावर. लिफ्टमध्ये कोणी भेटत नाही. मिनिटभर सोबत असतात, आकड्यांकडे बघत. आणि सकाळची घाई! प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅट्सन यांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली छापला गेला. त्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना 'अजून वेळ आहे' असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' म्हटलं होतं त्यांच्यातले १० टक्के. आणि निम्म्या मुलांच्या भाषणाचा विषय काय होता, तर रस्त्यात पडलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट! विषयानं फारसा फरक पडला नाही. घाईनं पडला. सकाळी सव्वाआठला तुमच्या मजल्यावर लिफ्ट भरून येते आणि आत दोन कामवाल्या बायका उभ्या असतात, तेव्हा तुम्ही त्या मुलांपेक्षा फार वेगळ्या नसता.

पण मला वाटतं, तुमचा हात वर गेला तो गर्दीमुळे नाही. पलीकडच्या टॉवरमुळे गेला. एकाच जमिनीवर दोन इमारती, एकीचं गेट रस्त्यावर आणि दुसरीचं गल्लीत. तुम्ही लिहिलं नाहीत, तरी 'रिहॅबवाले', 'चाळवाले' हे शब्द तुमच्या कानांवर आले असतील. मुलांना पलीकडच्या बागेतून कधी हटकलं असेल. जिथे आपल्याला खालचं समजतात, तिथे आपल्याहून खालचा कोणीतरी दाखवता आला की बरं वाटतं. जुना खेळ आहे हा, आपल्याकडे तर फारच जुना. त्या ठरावानं गर्दी किती कमी झाली मला माहीत नाही. पण त्या दिवशी तुमच्या इमारतीला वाटलं असणार की आता आपणही टॉवर झालो.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही हे पत्र मिटून 'आमची चाळच बरी होती' म्हणत बसाल. चाळीनं तुम्हाला सगळंच चांगलं शिकवलं नव्हतं. तुमचे बाबा साचेखात्यात होते. गिरणीत त्या खात्याचा पगार बरा, आणि मुंबईच्या गिरण्यांत कितीतरी वर्षं दलित कामगारांना त्या खात्यात येऊ देत नव्हते. कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि त्यांचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. आडकाठी मालकापेक्षा सोबतच्या कामगारांचीच अधिक होती. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न काढला होता. संप एकीचा, आणि धोटा वेगळा. दुसरं, ते गॅलरीतलं हळदीकुंकू. १९९१ नंतर त्या दिवशी तुमची आई कुठे बसायची? बहुतेक आत, मोरीपाशी, पोह्याच्या बशा भरत. आणि तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नसेल, कारण सगळ्याच विधवा आत बसत होत्या. तेव्हाही तुमचे संस्कार शाबूत होते, नाही का?

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. म्हणताना आपल्याला नेहमी पवळ्याची कीव येते, त्याला बिचाऱ्याला वाईट संगत लागली. पण दावणीला बांधलेला बैल आणि कमिटीत बसलेली बाई यांत फरक आहे. तुमचा हात कोणी उचलला नाही. त्याच इमारतीत, त्याच लिफ्टनं चढणारे ते पोस्टमन काका 'पटत नाही' म्हणालेच ना? जागा माणसाला ढकलते हे खरं, आणि ढकलल्यावर किती सरकायचं यात थोडी जागा आपली असते हेही खरं. तुम्ही पूर्ण सरकलात. हे मी गोड करून सांगणार नाही, कारण तुम्हाला झोप येत नाही ती बरोबरच येत नाही.

आता काय करायचं ते.

कमिटीचा राजीनामा देऊ नका. तो मोह तुम्हाला झाला असणार. लाज वाटली की माणूस खुर्ची सोडतो आणि त्याला प्रायश्चित्त समजतो. तुम्ही गेलात तर त्या खुर्चीवर दुसरा आठवा हात येईल, एवढंच होईल. तुम्ही ठराव पुन्हा चर्चेला घ्या. सेक्रेटरींना लेखी विषय द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेत येईल. भाषण करू नका, आईंची गोष्ट तर अजिबात सांगू नका. ती तिथे सांगितलीत की आठ जण डोळे पुसतील आणि ठराव तसाच राहील. त्यापेक्षा ठरावाची भाषा बदलून न्या. आजचा नियम माणसांची वाटणी करतो. तुमचा नियम सामानाची करू दे. कचऱ्याचे डबे, फर्निचर, सिमेंट-रेती, पाण्याचे मोठे जार, हातगाड्या हे सर्व्हिस लिफ्टनं, मग ते नेणारा कोणी का असेना, अगदी अध्यक्षांचा सोफा असला तरी. मोकळ्या हातानं येणारा माणूस कुठल्याही लिफ्टनं. गर्दीचा प्रश्न खरा असेल तर सकाळच्या दीड तासात एक लिफ्ट वरच्या मजल्यांसाठी आणि एक खालच्या मजल्यांसाठी ठेवता येते. गर्दी खरंच कमी होईल ती त्यानं. आणि त्यावर कोणी म्हणालं, 'पण स्वच्छतेचं काय?', तर शांतपणे विचारा की त्याच बाईंच्या हातची पोळी तुम्ही खाता ना.

सभेआधी एकदा चौथ्या मजल्यावर जाऊन या. याला कारण आहे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं पन्नाशीच्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. रेघांची लांबी जुळवायची, उत्तर उघड दिसणारं. पण आधी बोलणारे सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. नेमक्या त्या फेऱ्यांमध्ये सुमारे एकतृतीयांश उत्तरं डोळ्यांदेखत चुकीच्या बाजूला गेली. मात्र खोलीत एकच माणूस खरं बोलणारा ठेवला, की चुकीचं प्रमाण आधीच्या चौथ्या हिश्शावर आलं. एक माणूस पुरला. मार्चच्या सभेत तो माणूस तुमच्यासमोर होता आणि तुम्ही त्याची साथ सोडलीत. आता चहाला जा, त्यांना तसं सांगा. पोस्टमन आहेत, पुढच्या-मागच्या सगळ्या जिन्यांची माहिती त्यांना आपल्यापेक्षा जास्त असणार.

ठराव हरलात तर? हरू शकता. बाकीची सात माणसं एका महिन्यात बदलत नाहीत. तरी तुमच्या उंबऱ्याच्या आत जे आहे ते तुमच्या हातात आहे, आणि मी वर घंटीची गोष्ट सांगितली ती यासाठीच की घंटी टेबलावरून उचलता येते. त्या बाईंना नाव विचारा. चार वर्षांनी विचारायला संकोच वाटेल, वाटू दे. ॲपमध्ये नाव असतं, पण त्यांना कोणत्या नावानं हाक मारलेली आवडते ते तिथे नसतं. महिन्याला भरपगारी सुट्ट्या किती, आजारपणात काय, दिवाळीला किती, हे त्यांच्याशी बोलून ठरवून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी त्यांना तुमच्या मनःस्थितीकडे बघावं लागणार नाही. आपल्या राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला आहे. त्यांची नोंदणी झाली आहे का विचारा आणि नसेल तर कागदपत्रांना मदत करा. संध्याकाळी तासभर लाकडी दार उघडं ठेवा, सेफ्टी डोअर लावून का होईना. मजल्यावरचं एखादं पोर डोकावेलच, पोरांना उघडं दार सहन होत नाही. आणि येत्या संक्रांतीला हळदीकुंकू केलंत तर आईंच्या हातानं वाण वाटा, मोरीपाशी नाही, दारात. मजल्यावरच्या बायकांबरोबर मजल्यावर काम करणाऱ्या बायकाही बोलवा. चार जणी येणार नाहीत. त्या कोण ते कळेल, तेही उपयोगी पडतं.

राहिल्या आई.

तुम्हाला लगेच त्यांच्यासमोर बसून रडावंसं वाटेल, माफी मागावीशी वाटेल. थोडं थांबा. ७७ वर्षांच्या बाईला आपल्या मुलीचं समाधान करायचं काम लागतं त्यात, आणि त्या ते करतील, 'नाही गं, तसं काही नाही' म्हणतील, आणि विषय मिटेल. 'तू पुढच्या लिफ्टनं ये' असंही सांगायला जाऊ नका. कोणत्या वाटेनं यायचं हे त्यांनी आजवर दोनदा ऐकलं आहे, एकदा त्या बाईंकडून आणि एकदा जेवताना तुमच्या ठरावातून. तिसऱ्यांदा नको.

त्या तुमच्यावर रुसून त्या लिफ्टनं जातात असं तुम्ही धरून चालला आहात. असेल. ज्या बाईनं लोखंडी जिना नाकारला, तिला हा नियम बोचला नसेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्याच पत्रात आहे की त्या हसत बाहेर आल्या. अठराव्या मजल्यावर दिवसभर बंद दाराआड बसणाऱ्या माणसाला खाली-वर करताना चार ओळखीच्या बायका भेटतात. कोणाच्या मुलाची दहावी आहे, कोणाचा नवरा गावाला गेलाय, गवार कुठे स्वस्त आहे, हे बोलणं कानावर पडतं. कदाचित तुमच्या त्या आठ हातांनी सोसायटीतली सगळी बोलकी माणसं एका लिफ्टमध्ये कोंबली आणि आईंना त्यांची गॅलरी परत मिळाली. किंवा भाजीची पिशवी खरंच जड असेल. इथे बसून मला ठरवता येत नाही, आणि ऑफिसला पळताना तुम्हालाही यायचं नाही.

तेव्हा एखाद्या सकाळी त्यांच्या पिशवीचा एक बंद तुम्ही धरा आणि त्यांच्याबरोबर त्याच लिफ्टनं खाली उतरा. काही विचारू नका. त्या दिवशी घरातून वीस मिनिटं आधी निघा, कारण ती लिफ्ट जवळजवळ प्रत्येक मजल्यावर थांबते.